फडाळणं म्हणजे भांडण नव्हे

मी भांडखोर नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणाचाही तसा गैरसमज होईल. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी आई म्हणायची, पण आईचं सगळंच खरं मानायचं तर माणसाने जगायचं कसं?

आमची लॉन्ड्री आहे. पुढे काउंटर, मागे भट्टी, भट्टीमागे अंगण आणि अंगणभर दोऱ्या. इस्पितळाच्या चादरी येतात, लॉजच्या चादरी येतात, आणि लोकांच्या घरचे असे पडदे येतात की ते धुवावेत की पुरावेत असा प्रश्न पडावा. सासऱ्यांनी सुरू केली, आता मी आणि आमचे हे चालवतो. इस्त्रीला एक मामा आहेत. ते कुणाचे मामा आहेत हे कुणालाच माहीत नाही.

चादर ओली असेपर्यंत एकट्याची. वाळली की दोघांची. मोठ्या पलंगाची चादर एकट्या माणसाला जमिनीला न लावता घडी करता येत नाही. करून दाखवा, मी हरले. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, अर्धी करायची, चालत एकमेकांकडे यायचं, टोकं टोकांना द्यायची, पुन्हा मागे जायचं. पुढची चादर. दिवसभर हेच. आता दिवसभर एकाच माणसाच्या तोंडासमोर उभं राहायचं, हात दोन्ही अडकलेले, तोंडं मोकळी. व्हायचं तेच होतं. त्याला आमच्या घरात फडाळणं म्हणतात.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कुठल्या कज्जेदलालांच्या घरात पडले. सासू-सासरे चादर धरून एकमेकांवर असे तुटून पडायचे की मी माहेरी निरोप धाडायच्या बेतात होते. मग सासूबाईंनी मला दुसऱ्या बाजूला उभं केलं, टोकं हातात दिली आणि शिकवलं. भांडणात माणूस तरातरा निघून जातो, दार आपटतो, जेवत नाही. फडाळताना जाता येत नाही. हात सुटला की चादर खाली, खाली पडली की परत धुवायची, आणि धुवायची ती सोडणाऱ्याने. बोट नाचवता येत नाही, कपाळ बडवून घेता येत नाही. शिवाय कितीही लांबून ओरडलं तरी घडीसाठी जवळ यावंच लागतं, आणि नाकासमोर नाक आलं की माणूस फार वाईट बोलत नाही, असं त्या म्हणायच्या. हे काही खरं नाही. मी नाकासमोर नाक आणून बरंच वाईट बोललेली आहे.

आणखी एक. चादर हातात असेपर्यंत अहो-जाहो बंद. सासूबाई एरवी सासऱ्यांचं ताट पुढ्यात ठेवतानासुद्धा नजर वर करायच्या नाहीत, आणि चादर हातात आली की ‘अरे मूर्खा’पासून सुरुवात.

घरातलं एकूणएक असंच ठरलं. नवी भट्टी घ्यायची की जुनीच ठोकून घ्यायची, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, सासऱ्यांचं ऑपरेशन करायचं की नाही. मुलाचं नाव दोन चादरी आणि एका पडद्यात ठरलं. दोघांचं आधीच एकमत असेल तर एकाने मुद्दाम उलटी बाजू घ्यायची. न फडाळता ठरलेली गोष्ट कच्ची, ती पहिल्या धुण्यात रंग सोडते, असं सासरे म्हणायचे.

तर आमचे हे आणि मी, दोघं मिळून सुखाने फडाळत होतो. आणि गेल्या उन्हाळ्यात हे भट्टीपाशी उभे असताना सोड्याच्या पोत्यावर जाऊन बसले. मी म्हटलं, “बसलात काय, लॉजचा माणूस येईल आता.” हे म्हणाले, “अगं, जरा...” आणि पुढचं वाक्य आलंच नाही. या माणसाने आयुष्यात कधी वाक्य अर्धं सोडलेलं नाही. मी तशीच रिक्षा बोलावली.

रक्तदाब, म्हणाले डॉक्टर. गोळ्या घ्या, मीठ कमी करा, भट्टीजवळ उभं राहू नका. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “घरात शांतता ठेवा. त्यांना त्रागा होईल असं काही बोलू नका.” डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटत होते. तरी ते नेमकं माझ्याकडेच बघून का बोलले, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मी कानाला खडा लावला. यांना काउंटरवर बसवलं आणि चादरीच्या दुसऱ्या टोकाला मामांना उभं केलं. मामा चांगले आहेत, पण काहीही बोला, ते “हां” म्हणतात. मी म्हटलं, इस्पितळवाल्यांना चादरीला नीळ कशाला हवी, रोगी काय रंग बघायला येतात? मामा म्हणाले, “हां.” मग मी म्हटलं, पण नीळ नसली तर चादर पिवळी दिसते. मामा म्हणाले, “हां.” भिंतीतल्या खिळ्याला टोक अडकवून घडी घातली असती तरी एवढंच समाधान मिळालं असतं.

आणि घरात? घरात शांतता आली म्हणा. “भाजी काय करू?” “काहीही कर.” “पंखा बंद करू का?” “तुला हवा तर कर.” मी एक बोलायची नाही, हे दोन बोलायचे नाहीत. अळीमिळी गुपचिळी. एक दिवस मी चहा दिला, यांनी घोट घेतला आणि म्हणाले, “छान झालाय.” लग्न झाल्यापासून माझ्या चहाला या माणसाने एकदाही बरं म्हटलं नव्हतं. त्याला तो कधी पाणी वाटायचा, कधी काढा. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले. मला वाटलं, हा माणूस आता आटपायला लागला.

अशातच मुलाचा फोन. मुलगा मोठ्या शहरात असतो, तिथे त्याचं घर आहे, लिफ्ट आहे, लिफ्टमध्ये आरसा आहे. तो म्हणाला, “आई, पुरे झालं आता. लॉन्ड्री विकून टाका आणि दोघं इकडे या.” मी म्हटलं, “बाबांना विचार.” हे म्हणाले, “आईला विचार.” फोन टेबलावर ठेवलेला, आम्ही दोघं दोन बाजूंना. मी म्हटलं, “हे म्हणतील तसं.” हे म्हणाले, “ती म्हणेल तसं.” मुलगा म्हणाला, “म्हणजे हो ना?” मी यांच्याकडे बघितलं. हे फोनकडे बघत होते. मी म्हटलं, “हो.” हेही म्हणाले, “हो.”

झालं. ज्या घरात पडद्याच्या कड्यांवरून आठवडा जायचा, त्या घरात लॉन्ड्री चहा निवायच्या आत विकली गेली.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. व्यायामशाळा काढणारा एक दंडवाला माणूस. त्याच्या बाहीत त्याचा दंड मावत नव्हता. तो टेप घेऊन आला, अंगण मोजलं, दोऱ्यांखाली उभा राहून म्हणाला, “इथे पळायची यंत्रं लावू.” म्हणजे जागच्या जागी पळायचं. त्यासाठी एवढं अंगण कशाला लागतं, हे विचारायची माझी जीभ वळवळत होती, पण हे शेजारी उभे होते. मी मूग गिळले. सह्या सोमवारी ठरल्या. शनिवार उजाडेपर्यंत मी भांडी बांधायला काढली होती, आणि एक पातेलं बांधायला मला अख्खी सकाळ लागत होती. मला जायचं नव्हतं. हे कुणाला सांगायचं? ज्याला सांगायचं त्याच्याशी वाद घालायला बंदी होती.

त्याच शनिवारी दुपारी एक शब्दवाली आली.

मला वाटलं साडी टाकायला आली आहे. तर नाही. ती शब्दकोशाच्या कचेरीत काम करायची, गावोगाव फिरून जुने, मरायला टेकलेले शब्द गोळा करायची. पोरगी तिशीची असेल, खांद्याला पिशवी, हातात कार्डं आणि आवाज धरायचं एक छोटं यंत्र. ती म्हणाली, “मावशी, वृद्धाश्रमात एक आजी भेटल्या. त्या पूर्वी तुमच्याकडे कामाला होत्या. त्यांनी एक शब्द वापरला, फडाळणं. मला त्याचा अर्थ आणि उगम हवाय.”

मी म्हटलं, “अर्थ म्हणजे?”

“माझ्याकडे सध्या ‘भांडणे’ एवढंच लिहिलंय.”

“खोडा,” मी म्हटलं. “फडाळणं म्हणजे भांडण नव्हे.” आणि वर सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. ती भराभर लिहीत होती. बरी होती पोरगी, मध्ये बोलत नव्हती, आणि न कळलेलं पुन्हा विचारत होती. मामा इस्त्री थांबवून ऐकत होते. हे काउंटरवर पावत्या लावत बसले होते.

“आणि शब्द आला कुठून?” तिने विचारलं.

मामा म्हणाले, “शब्दाला कुठून काय यायचं असतं? इस्त्री कुठून आली, विचारतं का कुणी?”

शब्दवाली म्हणाली, “ती परदेशातून आली, मामा. जहाजातून. मूळ शब्द ताणणं अशा अर्थाचा आहे म्हणतात.”

मामांनी इस्त्रीकडे बघितलं. त्या क्षणापासून त्यांनी ती जरा बेताने उचलायला सुरुवात केली.

आता उगमाचं म्हणाल तर आमच्या घरात तो वाद शब्दाइतकाच जुना. सासूबाई म्हणायच्या, फडकं धरून करायचं म्हणून फडाळणं, यात विचारायचं काय? सासरे म्हणायचे, फड! चार माणसं जमवून बोलण्याची कुस्ती लावतात तो फड. हे बापाच्या वळणावर गेलेले, यांचाही फड. मी घरात आले आणि म्हटलं, दोघंही चुकताय. कोंबडी डालग्यात घातली की जी फडफड करते ती, आणि इथे आल्यापासून मी तीच ऐकतेय. त्यावर सासूबाई माझ्याशी आठवडाभर चादरीपुरतंच बोलल्या. यांनी तर मला बजावलं होतं, “मेलो तरी फड सोडणार नाही.” आमच्या किती दुपारी त्यात गेल्या! एकदा इस्पितळाचा गठ्ठा संपला, फड-फडफड संपेना, म्हणून आम्ही घड्या घातलेल्या चादरी मोडून पुन्हा घातल्या.

तर मी शब्दवालीला म्हटलं, “फडफडीवरून आला. कोंबडीच्या.” आणि यांच्याकडे बघितलं. सवयच ती.

शब्दवालीनेही विचारलं, “काका, तुमचं काय मत?”

हे पावत्यांमधून मान वर न करता म्हणाले, “ती म्हणते तेच बरोबर असेल.”

या माणसाने फड सोडला. बापाचा फड! मला भट्टीपाशी ते अर्धं वाक्य ऐकताना जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी आता वाटली. मला वाटलं, रक्तदाब गेला खड्ड्यात. हा माणूस गोळ्या घेऊन, अळणी खाऊन, सुखाने, माझ्यादेखत मरतोय, आणि मी त्याला सोमवारी लिफ्टमध्ये घालून नेणार आहे.

मी दोरीवरची चादर ओढली, काउंटरच्या आत गेले आणि दोन टोकं यांच्यापुढे धरली.

“धर,” मी म्हटलं.

“अगं, डॉक्टर...”

“धर म्हणते ना!”

यांनी धरली. आम्ही अंगणात गेलो. शब्दवाली यंत्र घेऊन मागोमाग आली. तिला वाटलं, आम्ही करून दाखवतोय. मामा दारात उभे राहिले.

“तुझा फड कुठे गेला?” मी म्हटलं.

“जाऊ दे.”

“जाऊ दे काय? बापाचा होता. असा वाटेवर टाकलास?”

“तुला फडफड हवीय तर घे ना फडफड. मी कुठे अडवतोय?”

“अडव की! कोंबडी चादर धरते का, विचार. नेहमी विचारायचास.”

आम्ही अर्धी घडी घातली, मी चालत जवळ गेले, टोकं दिली. यांचे हात गार होते. दुसरी चादर घेतली. यांनी ती झटकली, आणि त्या झटक्याला मला जरा बरं वाटलं.

“कोंबडी एकटी फडफडते,” हे हळूच म्हणाले.

“मग?”

“मग हे दोघांचं काम आहे. फडात दोन लागतात. एवढी साधी गोष्ट तुझ्या डोक्यात कधी शिरली नाही. पालथ्या घड्यावर पाणी.”

“फडात बघायला माणसं लागतात! इथे बघायला कोण? मामा?”

“हां,” मामा म्हणाले.

शब्दवाली म्हणाली, “खरं तर एका जुन्या संग्रहात मला ‘फडाळणे, ओलं वस्त्र झटकणे’ असं सापडलंय. तंबू शिवणाऱ्यांच्या बोलीत.”

“तुम्ही थांबा,” आम्ही दोघंही म्हणालो.

तिसऱ्या चादरीला यांचा आवाज चढला. मी यांचा चेहरा बघत होते, लाल होतो का, घाम येतो का. झाला जरासा लाल. मी म्हटलं, “बस हवं तर.”

“का बसू?” हे ओरडले. “बसवूनच ठेवलंयस मला! काउंटरवर बसवलंस, पावत्या दिल्यास हातात. बोलायचं नाही, उठायचं नाही, भट्टीकडे बघायचं नाही. मी काय उशीचा अभ्रा आहे?”

“डॉक्टर म्हणाले होते!”

“डॉक्टर म्हणाले त्रागा नको. बायको नको असं नव्हते म्हणाले!”

मी झटकलेलीच चादर पुन्हा झटकली.

“तू बोलायची थांबलीस,” हे म्हणाले. “एका दिवसात थांबलीस, नळ बंद केल्यासारखी. मला वाटलं, हिला माझा कंटाळा आला. आजारी नवऱ्याशी वाद घालण्यात काय राम, म्हणून सोडून दिलं हिने. म्हटलं, ठीक आहे. जे म्हणेल त्याला हो म्हणू. निदान तुला त्रास नको.”

“आणि चहा? चहा छान झालाय म्हणालास!”

“मग काय म्हणणार होतो? काढा झाला होता!”

मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. मामा सांगतात रडले, पण मामांना चष्मा लागतो.

“आणि मुलाला हो कशाला म्हणालास?”

“तू म्हणालीस म्हणून.”

“मी तू म्हणालास म्हणून म्हणाले!”

“मी तुझ्यानंतर म्हणालो.”

“तोंडाने नंतर. चेहऱ्याने आधी. तू फोनकडे बघत होतास. मला वाटलं, तुला मुलाकडे जायचंय, मुलाजवळ राहायचंय आता. आजारी माणसाच्या आड मी कशी येऊ?”

“मला कुठे जायचंय?” हे म्हणाले. चादर दोघांच्या मध्ये ताणलेली होती. “त्याच्या घरी मशीन आहे. कपडे वाळूनच बाहेर येतात. घड्या घालायला बाई येते. तो सकाळी जातो, सून सकाळी जाते. दिवसभर तू आणि मी, समोरासमोर खुर्च्यांवर. मी तुझ्याशी बोलू कुठे? तिथे मला तुझ्याशी बोलायला जागाच नाही.”

मी चालत गेले आणि टोकं दिली. आमच्या मध्ये घडी घातलेली चादर तेवढी होती. मी म्हटलं, “मलाही जायचं नाही. मला तुझ्याशिवाय कुणाशी बोलताच येत नाही. मामांशी बोलून बोलून माझं तोंड गंजलं.”

“मग सोमवारचं काय?”

“सोमवारचं तू बघ. तू आधी हो म्हणालास.”

“तू आधी म्हणालीस!”

शब्दवालीच्या यंत्राचा दिवा विझला होता. ते भरलं होतं म्हणे. ती पिशवी आवरताना म्हणाली, “मावशी, आमच्या कोशात प्रत्येक शब्दाला दोनच ओळी असतात. अर्थ ‘वाद घालणे’ लिहिते, बाकी जमेल तेवढं बसवते. आणि उगमापुढे ‘घरात एकमत नाही’ असं लिहिते.” हे म्हणाले, “त्यात फड पहिला घ्या.” मी म्हटलं, “का म्हणून?” ती घाईघाईने गेली.

सोमवारी व्यायामशाळावाला कागद घेऊन आला. यांनी त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं की लॉन्ड्री विकायची नाही. तो म्हणाला, “पण दोघांनीही हो म्हटलं होतं.” हे म्हणाले, “तेच तर चुकलं.” त्याला काही ते कळलं नाही. दंड फुगवून तो म्हणाला की घरात आधी नीट बोलून मग लोकांना बोलवावं. मी म्हटलं, अगदी बरोबर बोललात. जाताना त्याने एक कोट धुवायला टाकला. त्याच्या बाह्या उसवलेल्याच होत्या.

राहिला मुलगा. त्याला सांगायचं कुणी यावर आम्ही एक गठ्ठा फडाळलो आणि शेवटी मी फोन लावला. फोन कपाटाच्या फळीवर उभा केला, कारण हात रिकामे नव्हते. मी सांगितलं, येत नाही आम्ही. विकत नाही. तू रागव, काय करायचं ते कर. हे मागून म्हणाले, “नीट सांग, असं तोडून काय सांगतेस पोराला?” मी म्हटलं, “मग तू सांग, तुला फार नीट सांगता येतं ना!” हे म्हणाले, “सांगितलं असतं, फोन तू घेतलास!” मी म्हटलं, “घेतला, कारण तू बसलास गोळी शोधत!”

तिकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, पोरगा दुखावला. मी म्हटलं, “अरे, बोल ना.”

मुलगा म्हणाला, “आई, तुम्ही भांडताय?”

“फडाळतोय,” हे म्हणाले.

मग तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान असताना व्हायचा तसा झाला होता, “उन्हाळ्यापासून तुम्ही दोघं फोनवर इतके नीट बोलत होतात. बाबा म्हणतील तसं, आई म्हणेल तसं. मला वाटलं, बाबांना काहीतरी मोठं झालंय आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय. डॉक्टरांनी किती दिवस दिलेत हे विचारायची हिंमत होईना. म्हणून म्हटलं, विका आणि या. इथे असलात तर निदान मी जवळ असेन.”

हे एक पाऊल पुढे आले; त्याबरोबर चादर सैल झाली. हे फोनकडे तोंड करून म्हणाले, “काही नाही झालंय मला. मीठ कमी केलंय फक्त. आणि ते हिला जमत नाही, ती अंदाजाने घालते.”

“मी मोजून घालते!” मी म्हटलं. “जिभेची चव तुझी गेलीय.”

मुलगा तिकडे नाक ओढत होता. मी म्हटलं, “ठेव आता, तुझं ऑफिस असेल. आम्हाला इस्पितळाचा गठ्ठा संपवायचाय.”

“ठेवू नका,” तो म्हणाला. “राहू दे चालू.”

म्हणून फोन तसाच फळीवर राहिला. आम्ही घड्या घालत राहिलो, खळ दाट झाली की पातळ यावरून आमचं बरंच लांबलं, आणि मध्येच मला वाटलं लाइन तुटली. मी ओरडून विचारलं, “आहेस ना रे?”

“आहे,” तो म्हणाला. “तुम्ही बोला.”